न विचारता ओतलेली रम

चौतीस वर्षं बारच्या काउंटरमागं उभा राहून मी गावी परत आलो, तेव्हा मला वाटलं होतं, लोक विचारतील की तुम्ही तिथं नेमकं काय करायचात, कसं करायचात. ते कुणीही विचारलं नाही. जो तो एकच विचारतो, "मग तुम्ही किती प्यायचात?" गवंड्याला कुणी विचारत नाही की तुम्ही सिमेंट किती खाल्लं. मला मात्र आमच्या तामलवाडीच्या स्टँडवरच्या पानवाल्यापासून तुळजापुरात भेटलेल्या जुन्या वर्गमित्रापर्यंत सगळे हेच विचारतात आणि वर डोळा मारतात. मी पीत नाही. काडीच्या टोकावर दोन थेंब घेऊन चव बघतो, तेवढीच. हे सांगितलं की लोक पुन्हा डोळा मारतात.

आमच्या घरात मेंढरं होती. तिथून मी सोलापूरला वेटर झालो, पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात ग्लास पुसायला लागलो आणि ग्लास पुसता पुसता काउंटरच्या आत आलो. एवढं पुरे. आईला मी शेवटपर्यंत सांगत आलो की मी सरबताच्या विभागात आहे. ते फार खोटं नव्हतं.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं फिरतं तिच्याकडं येतो. आपल्याकडं घरी पिणारे आता पुष्कळ झालेत. झालेत तर झालेत, मी कोण बोलणारा. पण रमची बाटली आणायची, अर्धा ग्लास भरायचा, वरून काळं कोल्ड्रिंक काठापर्यंत ओतायचं आणि त्याला कॉकटेल म्हणायचं, हे मला बघवत नाही. काहींच्या मते कॉकटेल म्हणजे बिअरमध्ये व्हिस्की ओतणं आणि नंतर ओकणं. माझा भाचा महेश, धाराशिवात राहतो, यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. त्यानं एकदा मला मोठ्या हौसेनं मोहितो, म्हणजे पुदिना घातलेलं रमचं कॉकटेल, करून दिला. पुदिना मिक्सरमधून काढलेला होता. भांडं चटणीचं. एक घोट घेतला आणि मिरचीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महेशला वाटलं, मामा गहिवरले.

खरं तर रम आपल्या जिल्ह्याला परकी नाही. उसाची साखर काढून झाली की जी काळी, चिकट मळी उरते, तिच्यापासून रम होते. कारखान्याच्या रस्त्यानं जाताना जो गोडसर, आंबूस वास नाकात शिरतो, त्याच वासाची ती थोरली बहीण. आणि तिची जी साधी, जुनी कॉकटेलं जगभर केली जातात, त्यांचा पाया तीनच वस्तूंचा: रम, लिंबू, साखर. साठ मिली पांढरी रम, पंचवीस मिली कागदी लिंबाचा ताजा रस, वीस मिली पाक. पाक म्हणजे जिलबीचा तारेचा पाक नव्हे. वाटीभर साखर वाटीभर गरम पाण्यात विरघळवून गार केली की झाला. घट्ट झाकणाची स्टीलची बाटली घ्या, हे तिन्ही त्यात घाला, बर्फानं भरा आणि बाटली बाहेरून पांढुरकी होऊन हाताला झोंबेपर्यंत हलवा. गाळून ग्लासात ओता. याला डायकिरी म्हणतात. लोकांना वाटतं यात काहीतरी गुपित असेल. गुपित एवढंच की लिंबू बाटलीतलं नको आणि बर्फाला मटणाचा वास नको. घरोघरी फ्रीजरमध्ये बर्फाच्या शेजारी काय काय कोंबलेलं असतं ते मी पाहिलं आहे. पुदिना घालायचा असेल तर तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची. तेवढ्यानं तो वास सोडतो. त्याला कुटायचं, वाटायचं काही कारण नाही.

हे सगळं मला उस्तादांनी शिकवलं. आमच्या हॉटेलातले मुख्य बारमन, गोव्याकडचे, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. मापाच्या बाबतीत ते सोनारासारखे होते. पण पहिल्या दिवशी त्यांनी माप शिकवलं नाही. ते म्हणाले, ग्लासात काय आहे हे पिणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, आपलं खरं काम तेवढंच, बाकी हातचलाखी. मला तेव्हा वाटलं, यात शिकवण्यासारखं काय आहे.

पुण्याच्या त्या बारमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी एका कंपनीतले पाच-सहा जण यायचे. त्यांत एक वाघमारे नावाचे साहेब होते. उंच, शांत, हसले तरी आवाज न करणारे. एकदा ते इतरांच्या आधी आले आणि काउंटरवर वाकून मला म्हणाले की त्यांनी दारू सोडली आहे, पण सोडली हे या मंडळींना कळलं तर ती जगू देणार नाहीत, आणि नोकरीत यांच्याबरोबर बसल्याशिवाय भागत नाही. काही करता येईल का? मी म्हटलं, येईल. साखर कढईत काळी होईपर्यंत जाळायची, त्यात पाणी घालायचं. त्याचे दोन थेंब सोड्यात टाकले की रंग हुबेहूब रमचा येतो. वर लिंबाची फोड. ग्लास रमचा. जवळजवळ दोन वर्षं दर शुक्रवारी मी तो ग्लास त्यांच्यापुढं ठेवला आणि कुणाला पत्ता लागला नाही. माझ्या सगळ्या कामात मला त्या ग्लासाचा सर्वांत जास्त अभिमान होता. दर वेळी ते पहिला घोट घेऊन माझ्याकडं बघायचे आणि पापण्या मिटायचे, एवढेच आभार.

मग त्यांच्यातल्या एकाला ते कळलं. कसं कळलं, माहीत नाही. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, आज त्याला खरी दे, गंमत करू. मी नाही म्हटलं. तो हसला, जागेवर गेला, आणि वाघमारे साहेब हात धुवायला उठले तेव्हा त्यानं स्वतःचा पेग त्यांच्या ग्लासात ओतला. मी ते काउंटरवरून पाहिलं. समोर ऑर्डरी साचल्या होत्या, एक परदेशी पाहुणा दोनदा चुटकी वाजवून गेला होता. मी स्वतःला म्हटलं, ते नेहमीचे ग्राहक आहेत, त्यांच्या आपसातली गोष्ट आहे. आणि मी मान फिरवून लिंबं चिरायला लागलो.

वाघमारे साहेबांनी पहिला घोट घेतला तेव्हा सवयीप्रमाणं माझ्याकडं पाहिलं असेल. मी बघत नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. दोनेक महिन्यांनी एका दुपारी, बार नुकता उघडला होता, ते एकटे आले आणि रम मागितली. साधी, पाणी नको, सोडा नको. मी थांबलो, तर म्हणाले, "द्या हो. आता काय लपवायचं." मी दिली. ग्राहकानं मागितली तर द्यायची, हा नियम. नंतर ते कधी दिसले नाहीत. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायची छाती झाली नाही.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी सांगायची वेळ आली, ती महेशच्या घरी.

महेशला चाळिसावं लागलं म्हणून त्यानं रविवारी सकाळी घरी मंडळी बोलावली. मित्र, त्यांच्या बायका, घरचे. मागं अंगणात मटण शिजत होतं. मला आठ दिवस आधीपासून फोन: मामा, तुमच्या हातचं पाहिजे, आमच्या मित्रांना दाखवा खरं कॉकटेल काय असतं ते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गावी आल्यापासून माझी विद्या कुणी पहिल्यांदाच मागत होतं. मी सकाळीच लिंबं, संत्री, गूळ, जायफळ घेऊन गेलो आणि पंच करायला बसलो. दहा-पंधरा माणसं असली की एकेक ग्लास हलवत बसण्यापेक्षा पंच बरा. उस्ताद सांगायचे, हा शब्द आपल्या पाचावरून गेलेला आहे, कारण त्यात पाच गोष्टी लागतात: कडक, आंबट, गोड, मसाला आणि पाणी. मी साखरेऐवजी गुळाचं पाणी घेतलं. जुन्या रमशी गुळाचं चांगलं जमतं, दोघं एकाच उसाचे.

दोन मोठे जग भरले. काचेच्या जगात रम घातलेला, स्टीलच्या जगात बिनरमचा. हाही धंद्यातला नियम: दोन्हींची भांडी एकसारखी ठेवायची नाहीत. बिनरमचा जग बायकांसाठी होता, आणि मुख्य म्हणजे तात्यांसाठी.

तात्या म्हणजे महेशचे सख्खे चुलते, माझ्या बहिणीचे थोरले दीर. बेंबळीला राहतात. महेश नऊ वर्षांचा असताना माझे मेहुणे वारले, तेव्हापासून महेशचं शिक्षण, दुकान, लग्न, सगळं तात्यांनी केलं. ते साखर कारखान्यात मळीच्या टाक्यांवर कामाला होते, आणि प्यायचे. रोज प्यायचे. प्यायले की छान गायचे, हेही खरं. लग्नाकार्यात लोक त्यांना मुद्दाम पाजून गायला लावायचे. सात वर्षांपूर्वी त्यांना रक्ताची उलटी झाली. सोलापूरच्या दवाखान्यात सतरा दिवस होते. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, सुभद्रावहिनींना, बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा प्यायले तर आणू नका. त्या दिवसापासून तात्यांनी थेंब घेतला नाही. गाणंही सोडलं. कमी बोलतात, लवकर उठून जातात. महेशचे मित्र म्हणतात, तात्या कडू झाले.

साडेअकरा वाजले असतील. मी प्रत्येकाला विचारून ग्लास भरत होतो, रमचा की बिनरमचा. तात्यांचा ग्लास मी स्टीलच्या जगातून भरून ट्रेमध्ये ठेवला आणि बर्फ आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा ट्रे महेशच्या हातात होता. तात्या खुर्चीत बसले होते, त्यांनी ग्लास उचलला होता. मित्र भिंतीशी उभे होते आणि त्यांच्यातल्या एकानं मोबाईल धरला होता, व्हिडिओ काढायला.

मला कुणी काही सांगितलं नाही. मी फक्त रंग पाहिला. संत्र्याचा आणि गुळाचा तो फिका रंग मी स्वतः जमवलेला होता. तात्यांच्या हातातला ग्लास त्यापेक्षा एक छटा गडद होता, चहात दूध कमी पडल्यासारखा. चौतीस वर्षं ज्यानं ग्लास बघितले त्याला एवढं कळतं.

"तात्या, खाली ठेवा," मी ओरडलो. घरात एवढा आवाज मी कधी काढला नव्हता. बर्फाचं भांडं माझ्या हातून सुटलं.

ग्लास ओठांपाशी होता. तात्यांनी तो हळूच गुडघ्यावर टेकवला. मी जाऊन तो घेतला, वास घेतला. काळी रम, चमचाभर नव्हे, चांगला अर्धा पेग.

महेश हसत होता. म्हणाला, मामा, मजाक होती, एक घोट गेला असता आणि तात्या पूर्वीसारखे गायले असते, माझ्या वाढदिवसाला एवढंही नको का. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता हे मी आज शांतपणं लिहू शकतो. त्याला त्याचे जुने तात्या हवे होते. पण त्या क्षणी माझ्या अंगाची लाही झाली. ज्या माणसानं बापाच्या जागी उभं राहून वाढवलं, त्याच्या ग्लासात चोरून ओतायची, आणि वर तो कसा डुलतो त्याचा व्हिडिओ काढायचा. मी तात्यांचा ग्लास मोरीत ओतला. मग काचेचा जग उचलला आणि तोही ओतला. स्टीलचाही. एक मित्र म्हणाला, अहो काका, आमचा का ओतता?

तेव्हा महेशचं हसू गेलं. सगळ्यांसमोर तो मला म्हणाला, "मामा, जन्मभर लोकांना पाजून पोट भरलं तुम्ही. आता आम्हाला कीर्तन सांगता?"

हे वाक्य मला लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. मी म्हटलं, "पाजली. प्रत्येकाला विचारून पाजली. एकालाच न विचारता ओतू दिली, आणि मान फिरवून लिंबं चिरत बसलो. त्या माणसाचं काय झालं हे विचारायला मला आजपर्यंत तोंड नाही." आणि मग उभ्या उभ्या मी वाघमारे साहेबांची सगळी गोष्ट सांगितली. नीट सांगता आली नाही.

आवाज ऐकून सुभद्रावहिनी आतून आल्या. हाताला पीठ होतं. त्यांना काय झालं ते कुणीतरी सांगितलं. त्या महेशवर ओरडल्या नाहीत. त्याच्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सात वर्षं झाली, ह्ये घरी आले की मी त्यांच्या तोंडाचा वास घेत न्हाय. पैल्या वर्षी घ्यायचे. मग सोडलं. आज घेतला असता, तर मी कुणाला खोटं समजले असते रे? तुला का त्यांना?"

महेशनं मान खाली घातली. तात्या उठले, चपला घातल्या आणि वहिनींना म्हणाले, चला. ते दोघं बिनजेवता बेंबळीला गेले. त्यांच्यामागं मीही निघालो.

नंतर जे झालं त्यानं मला जास्त संताप आला. मला वाटलं होतं, निदान घरची माणसं म्हणतील, चुकलं. माझी बहीण फोनवर म्हणाली की चार लोकांत तू पोराची इज्जत घालवलीस, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. बाजूला घेईपर्यंत ग्लास रिकामा झाला असता, हे तिला पटलं नाही. महेशचा एक मित्र सांगत सुटला की मामांना वयामुळं भ्रम होतात. तामलवाडीत ज्यांनी ऐकलं त्यांनीही हेच: अर्धा पेग तर होता, मजाक होती, त्यात एवढं काय. हा मजाक शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो. ओतणारा हसत असतो, बघणारे हसत असतात, आणि ज्याच्या पोटात जाते त्याला कुणी विचारलेलं नसतं. जेवणात मीठ जास्त पडलं तर माणसं ताट ढकलतात. दारू न सांगता पडली तर त्यानं हसावं अशी अपेक्षा असते. पीत नाही म्हणणाऱ्या माणसाची आपल्याला एवढी अडचण का होते, हे मला बारमध्ये कळलं नाही आणि घरीही कळलेलं नाही. ज्यांना घरी करून प्यायचं आहे त्यांनी खुशाल करावं, परवाना काढावा, ताजं लिंबू घ्यावं, मापानं घ्यावं. पण दुसऱ्याच्या ग्लासाला हात लावू नये. एवढी साधी गोष्ट शिकवायला बारमनची गरज पडावी, याची मला लाज वाटते.

दोनेक आठवड्यांनी तात्या एकटेच तामलवाडीला आले. दुपारच्या गाडीनं. मी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी महेशचं विचारलं नाही, मीही नाही. पावसाचं, अणदूरच्या कुणाच्या तरी बैलाचं, असं बोलणं झालं. मला मनातून वाटत होतं की ते आभार मानायला आलेत, आणि मी त्याला काय उत्तर द्यायचं ते जुळवत होतो.

मग ते म्हणाले, "पाव्हणं, एक सांगायचं होतं. तुमाला वाटत आसंल, मला म्हाईत नव्हतं."

मी म्हटलं, कसं माहीत असणार, ग्लास मी भरला होता, मागून ओतलं त्यानं.

"तीस वर्षं मळीच्या टाकीवर काढली म्या," ते म्हणाले. "ग्लास उचलला तवाच वास आला. हात थांबला न्हाय. तुमी वराडला म्हणून थांबला."

त्यांनी नजर चुकवली नाही. म्हणाले की घरी गेल्यावर त्याच दिवशी वहिनींना हे सांगून टाकलं, आणि आता मला सांगितलं, आता ओझं नाही. हे लिहू का, असं मी मागाहून विचारलं तेव्हाही ते हेच म्हणाले: लिहा, नाव बदला, पण हे गाळू नका.

त्या दुपारी मात्र जुळवलेली उत्तरं कुठल्या कुठं गेली. मी चहा ठेवायला उठलो, तर ते म्हणाले, "चहा ऱ्हाऊ द्या. गाडीला येळ हाय. बसा जरा."

मी बसलो. गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.